निकालानंतरची दहा मिनिटं

शेवट आधीच कळला तर रहस्यपट बघण्यात काय राम उरतो? हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की या प्रकरणाची सुरुवात त्यानेच करतो.

लहानपणी वाचनालयातून रहस्यकथा आणली की पुष्कळदा पहिल्याच पानावर कुणा आधीच्या सभासदाने पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं असे. अशाच एका पुस्तकात त्या नावाखाली वेगळ्या अक्षरात आणखी एक ओळ होती: थाप आहे, विश्वास ठेवू नका. झालं! पुस्तक संपेपर्यंत माझं लक्ष खुन्यापेक्षा त्या दोन पेन्सिलींकडेच. पहिला खोटं बोलतोय की दुसरा? आणि दुसऱ्याने नुसतं 'थाप' म्हटल्याबरोबर पहिल्याने लिहिलेलं नाव माझ्या मनातून बाद का झालं? दुसऱ्याकडे तरी काय पुरावा होता?

हाच खेळ एका सिनेमाने अख्ख्या न्यायालयाशी खेळला आहे. बिली वाइल्डर दिग्दर्शित 'विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन', साल 1957, मूळ कथा आणि नाटक अगाथा ख्रिस्तीचं. सिनेमा संपल्यावर पडद्यावरून एक आवाज प्रेक्षकांना विनंती करतो की ज्यांनी हा सिनेमा पाहिलेला नाही त्यांना शेवट सांगू नका. ती विनंती मी आता मोडणार आहे. ज्यांना आधी सिनेमा बघायचा आहे त्यांनी इथेच पुस्तक मिटावं. मला वाईट वाटणार नाही.

1. आधी खटला

लंडन, 1952. सर विल्फ्रिड रोबार्ट्स हे नामांकित बॅरिस्टर हृदयविकाराच्या झटक्यातून उठून नुकतेच घरी आले आहेत. बरोबर मिस प्लिम्सॉल नावाची नर्स, म्हणजे चालतंबोलतं पथ्य. सिगार बंद, ब्रँडी बंद, खुनाचे खटले तर अजिबात बंद. सर विल्फ्रिड काठीत सिगार लपवतात आणि कोकोच्या थर्मासमध्ये ब्रँडी भरून आणतात. हा थर्मास लक्षात ठेवा.

त्यांच्याकडे लिओनार्ड व्होल येतो. देखणा, हसतमुख, बेकार. अंड्यातला पांढरा आणि पिवळा बलक वेगळा करणारं यंत्र शोधून काढल्याचं कौतुकाने सांगणारा. एमिली फ्रेंच नावाच्या श्रीमंत विधवेशी त्याची ओळख झाली, येणंजाणं वाढलं, आणि एका रात्री तिचा खून झाला. मृत्युपत्र उघडलं तर ऐंशी हजार पौंड लिओनार्डच्या नावे. खून साडेनऊ ते दहाच्या दरम्यानचा. लिओनार्ड म्हणतो, मी त्याआधीच घरी पोचलो होतो. याला साक्षीदार एकच, त्याची बायको क्रिस्टीन.

क्रिस्टीन जर्मन आहे. युद्ध संपताना हॅम्बर्गच्या पडझडीत, सैनिकांनी भरलेल्या एका गुत्त्यात ती गात होती. तिथे लिओनार्डने तिला पाहिलं, लग्न केलं, इंग्लंडला आणलं. नवरा खुनाच्या आरोपात अडकलेला असताना ही बाई सर विल्फ्रिडच्या कचेरीत येते ती डोळ्यांत टिपूस नसलेली. नवरा वेळेत घरी आला होता, असं ती सांगते, पण पाठ केलेला धडा म्हणावा तसं. सर विल्फ्रिड ठरवतात, हिला साक्षीला बोलवायचंच नाही. आणि मग खटला ऐन रंगात आलेला असताना ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढते, सरकारी पक्षाकडून! सांगते की नवरा दहा वाजून दहा मिनिटांनी आला, बाह्यांवर रक्त होतं, आणि मी तिला मारलं असं तो म्हणाला.

त्या काळी इंग्लंडात खून शाबीत झाला की फाशी. म्हणजे बायको नवऱ्याला दोराकडे ढकलते आहे.

मग एका रात्री सर विल्फ्रिडना फोन येतो. गालावर व्रण असलेली, गावंढळ लंडनी बोलीत बोलणारी एक बाई त्यांना स्टेशनवर भेटते आणि पैसे घेऊन क्रिस्टीनची पत्रं विकते. पत्रं मॅक्स नावाच्या प्रियकराला लिहिलेली. लिओनार्ड निर्दोष आहे, पण मी खोटी साक्ष देऊन त्याला अडकवते, मग आपण मोकळे, असा त्यांचा मथितार्थ. दुसऱ्या दिवशी उलटतपासणीत क्रिस्टीनच्या चिंध्या उडतात. निकाल: निर्दोष.

इतकाच सिनेमा असता तरी तिकिटाचे पैसे वसूल होते. पुढच्या जेमतेम दहा मिनिटांसाठी हे प्रकरण लिहितो आहे.

2. बायकोची साक्ष चालते का?

शेवट समजायला आधी कायद्याची एक गाठ सोडवावी लागते. इंग्लंडात तेव्हा नियम असा होता की काही अपवाद सोडले तर बायकोला नवऱ्याविरुद्ध सरकारी साक्षीदार म्हणून उभं करता येत नसे. नवऱ्याच्या बाजूने मात्र ती बोलू शके. तो हक्क 1898 च्या कायद्याने दिलेला. विचार साधा होता: संसाराच्या चार भिंतींत जे बोललं जातं ते सरकारने ओरबाडून बाहेर काढू नये. (हा नियम पुढे 1984 मध्ये बदलला.)

मग क्रिस्टीन उभी राहिली कशी? कारण लिओनार्डशी लग्न करताना तिचं आधीचं लग्न मोडलेलंच नव्हतं. पहिला नवरा जर्मनीत, रशियनांच्या ताब्यातल्या भागात. म्हणजे दुसरं लग्न कायद्याच्या नजरेत झालेलंच नाही, आणि बायकोच नाही म्हटल्यावर बायकोचा नियमही नाही.

आपल्याकडच्या बातम्यांत 'साक्षीदार फितूर झाला' असं आपण वाचतो. तिथे सरकारने आणलेला साक्षीदार ऐन वेळी आरोपीकडे सरकतो. इथे उलटं आहे. बचावाची हुकमाची राणी सरकारच्या हातात जाऊन पडली आहे, आणि सगळं न्यायालय तिला फितूर समजतं आहे. ती कुणाला फितूर होती ते निकाल लागल्यावर कळतं.

3. खोटारडी ठरण्याचा फायदा

सिनेमाचं खरं यंत्र इथे आहे, म्हणून जरा थांबू.

समजा, लग्नासाठी एका मुलाची चौकशी चालली आहे. मुलाची आई सांगते, 'आमचा विनय सुपारीच्या खांडालासुद्धा शिवत नाही हो.' ऐकणारे मान डोलावतात आणि चहाचा घोट घेतात. त्या वाक्याचं वजन शून्य. बाई खोटारडी आहे असं कुणाला वाटत नसतं. ती आई आहे एवढंच पुरतं.

पाहुणे जिना उतरतात तर खालच्या मजल्यावरच्या काकू हळूच सांगतात, 'मुलगा रोज रात्री पिऊन येतो. माझं नाव सांगू नका.' आता मात्र पारडं धाडकन खाली! वजा दहा म्हणू. काकूंना खोटं बोलून काय मिळणार?

आठवड्याने कळतं की काकूंना हेच स्थळ स्वतःच्या भाचीसाठी हवं होतं. इतकंच काय, आधी त्याची बदनामी करते म्हणजे हे लग्न मोडेल, असं त्यांनी बहिणीला लिहिलेलं पत्रच कुणीतरी आणून दाखवतं. आता विनयचा हिशेब किती? वजा दहा पुसले की शून्य उरायला हवं. पण तसं होत नाही. 'अरेरे, बिचाऱ्या पोराची काय बदनामी केली हो,' म्हणत मंडळी त्याला अधिक दहा देऊन टाकतात, आणि लग्न ठरतं.

या सगळ्यात विनय पितो की नाही हे कुणी तपासलं? कुणीच नाही.

क्रिस्टीनने नेमकं हेच केलं. प्रेमळ बायको म्हणून ती पिंजऱ्यात उभी राहिली असती तर तिची साक्ष आईच्या कौतुकासारखी वाया गेली असती. शिवाय ती जर्मन; युद्ध संपून जेमतेम सात वर्षं झालेली, आणि समोर बारा लंडनकर ज्युरी. हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने उलटा रस्ता धरला. आधी नवऱ्याच्या गळ्याभोवती फास टाकायचा, मग स्वतःलाच खोटं ठरवणारा पुरावा शत्रूच्या, म्हणजे नवऱ्याच्याच वकिलाच्या हातात ठेवायचा. ज्युरीला ती आवडत नव्हतीच. त्या नावडीलाच तिने कामाला जुंपलं.

जर्मन बाईविषयीची ही अढी वाइल्डरला पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. तो स्वतः बर्लिनमध्ये पटकथा लिहीत होता आणि 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर तिथून निघाला. क्रिस्टीनची भूमिका करणारी मार्लीन डीट्रिश जन्माने बर्लिनची. युद्धात ती दोस्त सैनिकांसमोर गात फिरली होती. हॅम्बर्गच्या गुत्त्यातलं ते दृश्य या दोघांनी रचलं आहे हे माहीत असलं की ते वेगळंच दिसायला लागतं.

4. तीन कलाटण्या

निकाल लागतो. न्यायालय रिकामं होतं. सर विल्फ्रिड जिंकलेत, पण समाधान नाही. सगळं फारच नीटनेटकं जुळून आलं, असं त्यांना वाटत राहतं. ज्याने आयुष्यभर खटले चालवले त्याला कळतं की खऱ्या खटल्याचे धागे असे शेवटी सुबक गाठीत बसत नसतात.

पहिली कलाटणी: क्रिस्टीन त्यांच्यासमोर येते आणि त्या व्रणवाल्या बाईच्या आवाजात बोलते. स्टेशनवरची बाई तीच. पत्रं तिनेच लिहिलेली. मॅक्स नावाचा माणूस अस्तित्वातच नाही. नवऱ्यावर तिचं इतकं प्रेम की खोट्या साक्षीबद्दल तुरुंगात जायलाही ती तयार आहे. इंग्लंडात त्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होती. इथवर आपण तिला मनोमन हात जोडतो.

सर विल्फ्रिड दुखावतात. माझ्यावर विश्वास ठेवला असता तर दोघं मिळून त्याचं निर्दोषत्व सिद्ध केलं असतं, अशी त्यांची तक्रार. ती म्हणते, तो धोका मला पत्करता येत नव्हता. तुम्ही त्याला निर्दोष समजत होता. आणि सर विल्फ्रिड वाक्य पुरं करू पाहतात की तुम्हाला तर तो निर्दोष असल्याचं ठाऊकच होतं...

दुसरी कलाटणी: नाही. तो खुनी आहे हे तिला ठाऊक होतं.

हे वाक्य कानावर पडलं की पाठीमागचे पावणेदोन तास एकदम उलटे फिरतात. तिची पिंजऱ्यातली साक्ष, जिला आपण पाताळयंत्रीपणा समजलो होतो, ती अक्षरशः खरी होती! दहा वाजून दहा मिनिटं, बाह्यांवरचं रक्त, कबुली, सगळं खरं. खोटी होती ती फक्त पत्रं. भर न्यायालयात शपथेवर खरं सांगायचं आणि ते सगळ्यांना खोटं वाटेल अशी व्यवस्था करायची, याहून चोख कट मी तरी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलेला नाही.

मग लिओनार्ड स्वतः येतो. चेहऱ्यावर तेच गोड हसू. त्याच्यामागून एक तरुण मुलगी धावत येऊन गळ्यात पडते. तिसरी कलाटणी ही. तो तिच्याबरोबर जाणार आहे. क्रिस्टीनने हॅम्बर्गमधल्या उपकाराची फेड केली, हिशेब मिटला, असं त्याचं गणित. सर विल्फ्रिड नुसते बसून हातातलं एका डोळ्याचं भिंग फिरवताहेत. त्यावरून परावर्तित झालेला उजेडाचा ठिपका टेबलावर नाचतो आणि खटल्यात पुरावा म्हणून ठेवलेल्या सुरीवर येऊन चमकतो. क्रिस्टीनला ती सुरी दिसते. पुढे काय होतं ते सांगायला नकोच.

तीन कलाटण्यांत तीन वेगवेगळे प्रश्न आहेत हे ध्यानात घ्या. हे घडवलं कसं, खरं काय होतं, आणि शिक्षा कोण देणार. बहुतेक रहस्यपट दुसऱ्या प्रश्नाशी थांबतात. या सिनेमात सगळ्यात लांबवर जखम करणारा प्रश्न तिसरा आहे, आणि त्यासाठी पुन्हा कायद्याकडे वळावं लागतं.

5. एकदा सुटला तो सुटला

सर विल्फ्रिडसारखा नामांकित वकील समोर बसलेला असताना लिओनार्ड इतक्या निर्धास्तपणे का वागतो? कारण ज्युरीने एकदा निर्दोष म्हटल्यावर त्याच खुनासाठी त्याच्यावर पुन्हा खटला भरता येत नव्हता. इंग्लंडातला हा जुना नियम. सरकारकडे पैसा, पोलीस, वकील सगळं असतं; एकदा हरल्यावर 'पुन्हा डाव मांडू' असं म्हणत राहण्याची मुभा त्याला दिली तर निरपराध माणसाची सुटका कधीच व्हायची नाही. नियम शहाणपणाचा आहे. पण लिओनार्डसारखा माणूस त्याच्याच छपरीखाली उभा राहून पाऊस चुकवतो. गंभीर गुन्ह्यांत नवा आणि भक्कम पुरावा मिळाल्यास पुन्हा खटला चालवण्याची वाट इंग्लंडने 2003 च्या कायद्याने उघडली. म्हणजे सिनेमानंतर जवळपास अर्ध्या शतकाने.

मुंबईकर वाचकाला इथे नानावटी खटला आठवेल, आणि फरक समजायला तो उपयोगी आहे. 1959 मध्ये मुंबईच्या ज्युरीने 8 विरुद्ध 1 मतांनी खुनाचा आरोप असलेल्या नौदल अधिकारी नानावटींना निर्दोष ठरवलं. पण आपल्या तेव्हाच्या फौजदारी संहितेत न्यायाधीशाला ज्युरीचा निर्णय पटला नाही तर प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवता येत असे. तसं पाठवलं गेलं, आणि उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. लंडनमधल्या सिनेमातल्या न्यायाधीशाच्या हातात हे हत्यार नाही. ज्युरी बोलली की पडदा पडला.

म्हणून क्रिस्टीनची सुरी तशी उठते. कायद्याच्या हाती आता काही नाही, हे त्या दालनातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मिस प्लिम्सॉल ओरडते की हिने त्याला मारलं. सर विल्फ्रिड तिचा शब्द दुरुस्त करतात. त्यांच्या मते ही शिक्षेची अंमलबजावणी झाली. वकिलाच्या तोंडी हे वाक्य गोड वाटतं, टाळ्याही पडत असतील. मला मात्र ते थोडं खटकतं. प्रेमात फसलेल्या बाईने रागाच्या झटक्यात सुरी उचलली. तिच्या मनात त्या क्षणी एमिली फ्रेंच होती असं समजायला सिनेमात काही जागा नाही. जिचा खून झाला ती म्हातारी शेवटच्या दहा मिनिटांत कुणालाच आठवत नाही.

6. सुरी कथेत नव्हतीच

गोष्ट खरी आहे. ख्रिस्तीची मूळ कथा 1925 मध्ये अमेरिकेतल्या एका साप्ताहिकात वेगळ्या नावाने छापून आली होती. तिच्यात सर विल्फ्रिड नाहीत. एक सॉलिसिटर आहे, म्हणजे अशिलाच्या खटल्याची तयारी करून देणारा, पण वरच्या न्यायालयात स्वतः युक्तिवाद न करणारा वकील. कथा त्या दुसऱ्या कलाटणीवर, तो खुनी असल्याचं तिला ठाऊक होतं या एका वाक्यावर, खाडकन संपते. खुनी मोकळा, बायको त्याच्या प्रेमात, वकील थिजलेला. दुसरी तरुणी नाही, सुरीही नाही.

नाटक लंडनच्या रंगभूमीवर आलं 1953 मध्ये. त्या वेळी ख्रिस्तीने शेवट वाढवला. नाटकवाल्या मंडळींना तो नको होता. एरवी तडजोडीला तयार असणारी ही बाई या एका बाबतीत हटून बसली: हा शेवट नसेल तर नाटकच नको. हे तिने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. नाटक चाललं, 1954 मध्ये न्यूयॉर्कला गेलं आणि तिथे त्याचे 645 प्रयोग झाले.

सिनेमाचा शेवट हॉलिवूडच्या सोवळ्यामुळे तसा झाला असावा, असा अनेकांचा समज असतो. समज अगदीच निराधार नाही. हॉलिवूडच्या निर्मात्यांनी स्वतःवर घालून घेतलेली एक आचारसंहिता होती. 1930 मध्ये ठरलेली, 1934 पासून कडकपणे राबवलेली, 1968 मध्ये गुंडाळलेली. गुन्हेगार सुटलेला दाखवायचा नाही, हे तिचं एक मुख्य कलम. ख्रिस्तीच्याच 'अँड देन देअर वर नन' मध्ये कादंबरीत दहाच्या दहा माणसं मरतात. 1945 च्या सिनेमात नायक-नायिका निरपराध निघतात आणि वाचतात. अर्थात तो बदलही ख्रिस्तीने आधी स्वतःच्या नाटकात केला होता. आपल्याकडचा राजा नवाथे यांचा 'गुमनाम' हा 1965 चा सिनेमा त्याच कथेच्या वळणाने जातो, आणि तिथेही जोडी वाचतेच.

पण 'विटनेस'ची सुरी लंडनच्या रंगमंचावर आधीच होती, आणि तिथे हॉलिवूडची संहिता लागू नव्हती. हॉलिवूडला ती आयती मिळाली. संहिता गेल्यावर काय झालं तेही बघा: 1974 च्या 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस'मध्ये एका माणसाचा खून करणारे बारा जण सरळ सुटतात, पोलिसांना खोटी कहाणी सांगितली जाते, आणि शेवटी शँपेनचे प्याले भिडतात.

बीबीसीने 2016 मध्ये 'विटनेस' पुन्हा केलं तेव्हा लेखिका सारा फेल्प्सने 1925 ची कथा धरली. त्यात जोडपं सुखात राहतं आणि सत्य कळलेला वकील समुद्रात चालत जातो. मूळ कथेच्या अधिक जवळचं, अधिक काळोखं, आणि खरं सांगू, मला 1957 चं जास्त आवडतं. सुरीचा शेवट नाटकी आहे हे मान्य. पण ज्या बाईने अख्ख्या लंडनला बनवलं, तिला बनवणारा तिच्याच घरात होता, ही गोष्ट मूळ कथेत नाही. फसवण्यात सगळ्यांत हुशार असलेलं माणूसच सगळ्यांत मोठा फसवला गेलेला निघतो. ही ख्रिस्तीची 28 वर्षांनंतरची भर.

7. आपल्याला दिसलं कसं नाही?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. शेवट कळल्यावर काय उरतं? दुसऱ्यांदा बघा म्हणजे कळेल. शेवटाची प्रत्येक वीट आधीच आपल्या डोळ्यांसमोर मांडून ठेवलेली असते.

क्रिस्टीन रंगमंचावरची बाई आहे, हे आपल्याला हॅम्बर्गच्या दृश्यात दाखवलंय. बाई सोंग वठवू शकते, एवढी माहिती पुरेशी होती. लिओनार्डच्या आयुष्यात दुसरी मुलगी आहे, हेही! खुनाच्या आधी तो एका तरुणीला घेऊन प्रवासी कंपनीच्या कचेरीत महागड्या सहलींची चौकशी करत होता, असं सरकारी वकील उलटतपासणीत सरळ विचारतात. आपण मात्र तेव्हा लिओनार्डच्या बाजूला असतो, त्यामुळे सरकारी वकील उगाच चिखल उडवतोय असं वाटतं.

सगळ्यांत सुंदर सापळा त्या भिंगाचा. सर विल्फ्रिडची एक आवडती परीक्षा आहे. खिडकीतल्या उन्हाचा कवडसा भिंगावरून समोरच्याच्या डोळ्यांत टाकायचा आणि प्रश्न विचारायचे. चुळबुळ करील तो खोटा. लिओनार्ड कवडशात डोळेही न मिचकावता उत्तरं देतो. पास. क्रिस्टीनवर कवडसा पडतो तेव्हा ती शांतपणे उठते आणि खिडकीचा पडदा ओढून घेते. नापास. आपण वकिलाची परीक्षा आपली मानतो आणि आपलाही निकाल तिथेच लागतो. खटला सुरू होण्याआधीच! अट्टल खोटं बोलणारा उजेडात बघून हसू शकतो, आणि डोळ्यांत ऊन गेलं तर पडदा ओढणं हा साधा समंजसपणा आहे, हे घरी कुणीही सांगितलं असतं. थिएटरात सुचत नाही. शेवटी तेच भिंग सुरीवर उजेड टाकतं. खोटं ओळखायला म्हणून आणलेलं भिंग सबंध सिनेमात कुठे नेमकं पडलं असेल तर तिथे.

ज्या रहस्यपटाचा शेवट ऐन वेळी कपाटातून काढलेल्या जुळ्या भावावर किंवा अचानक सापडलेल्या डायरीवर टेकतो तो दुसऱ्यांदा बघवत नाही, कारण मागे वळून बघायला तिथे काही ठेवलेलंच नसतं. इथे दुसऱ्या खेपेला चार्ल्स लॉटनच्या सर विल्फ्रिडपेक्षा डीट्रिशकडे बघत राहावं. पत्रं वाचली जात असताना ती पिंजऱ्यात किंचाळते तेव्हा एक बाई दुसऱ्या बाईचं सोंग घेऊन तिसऱ्या बाईचा भंडाफोड झाल्याचा अभिनय करते आहे. या भूमिकेसाठी तिला ऑस्करचं नामांकनसुद्धा मिळालं नाही. सिनेमाला एकूण सहा नामांकनं होती, त्यांतलं एक मिस प्लिम्सॉल झालेल्या एल्सा लँचेस्टरला. प्रत्यक्षात ती लॉटनची बायको. आणि ही नर्स ना कथेत आहे ना नाटकात. ती सिनेमाची भर.

ती भर कशाला घातली असेल, असं मला पहिल्यांदा बघताना वाटलं होतं. थोडा विनोद हवा म्हणून, एवढंच सुचलं. पण शेवटचा प्रसंग तिचाच आहे. लिओनार्ड जमिनीवर पडला आहे. सर विल्फ्रिडना हवापालटासाठी बर्म्युडाला न्यायचं ठरलेलं आहे, सामान बांधलेलं आहे. क्रिस्टीनचं वकीलपत्र ते घेणार हे मिस प्लिम्सॉल त्यांच्या चेहऱ्यावरच वाचते आणि सामान सोडायला सांगते. ते झगा सावरत निघतात. ती मागून हाक मारते की तुम्ही काहीतरी विसरलात, आणि पुढे करते तो थर्मास. त्यात कोको आहे असं ती म्हणत नाही. ब्रँडी विसरलात, असं म्हणते.